छाणीच्या पवनचक्कीचा उत्तरपक्ष

नारायणराव आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देत. लग्नाच्या आमंत्रणाला देत, विमा कंपनीच्या नववर्षाच्या शुभेच्छांना देत. एकदा तर दंतमंजनाच्या जाहिरातीलाही त्यांनी कार्ड टाकलं होतं: 'आपले चूर्ण वापरलेले नाही, सबब मत देता येत नाही, क्षमस्व.' अशा माणसाने एका पत्राला तेरा महिने उत्तर दिलं नाही. आणि ते पत्र तरी केवढं? चार ओळींचं.

चौऱ्याण्णव सालच्या ऑगस्टात ते गांधीनगरच्या कुठल्याशा कचेरीतून आलं. खाली सही अशी, की एखादं झुरळ शाईत पडून कागदावरून घाईने घरी गेलं असावं. मजकूर असा होता: 'छाणी येथील पवनचक्कीसंबंधी आपला अर्ज पोचला. तो दोनदा वाचूनही आपण पवनचक्कीच्या बाजूचे आहात की विरुद्ध, याचा बोध होत नाही. कृपया एका ओळीत कळवावे.'

एका ओळीत! नारायणरावांनी उभ्या आयुष्यात कुठलंही मत एका ओळीत मांडलं नव्हतं. तेहेतीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात काढली. एखाद्या वाचकाने 'चांगलं पुस्तक सुचवा' म्हटलं, तर ते त्याला दोन पुस्तकं देत, एक आणि त्याचं खंडन करणारं दुसरं. त्यांच्या पत्नी निरुपमाबाई म्हणत, 'आमटीत मीठ कमी पडलंय का, असं यांना विचारू नये. उत्तर येईपर्यंत पाहुणे जेवून घरी पोचतात.'

खरं तर हे सगळं प्रकरण नारायणरावांचं नव्हतंच. ते राहत बडोद्यात कारेलीबागेत, दुसऱ्या मजल्यावर. पवनचक्की व्हायची होती शहराबाहेर छाणीला, आणि छाणीला राहत त्यांचे शाळेपासूनचे मित्र उदयसिंहराव. उदयसिंहरावांचे पणजोबा गायकवाडी फौजेत घोड्यावर होते. ते स्वतः मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फाटकावर सुरक्षा अधिकारी होते, पण फाटकाशी उभं राहायची ऐट पणजोबांचीच. निवृत्त झाल्यावर त्यांनी छाणीला घर बांधलं. म्हणजे आधी गच्ची ठरवली आणि तिच्याखाली जी जागा उरली तिच्यात खोल्या काढल्या. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, त्या गच्चीवरून ते पतंग उडवीत, आणि सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत आजूबाजूच्या वीस गच्च्यांना सळो की पळो करून सोडीत.

त्यांची मांजाची फिरकी धरायचे नारायणराव. इयत्ता पाचवीपासून. नारायणरावांनी स्वतः कधी पतंग उडवला नाही. तो उडवावा का, कुठल्या रंगाचा उडवावा, दुसऱ्याचा कापला तर त्याला वाईट वाटेल का, असल्या विचारांत त्यांचा मकरसंक्रमणाचा पुण्यकाळ निघून गेला असता. पण फिरकी हातात आली की डोक्यातली वटवट थांबे. ढील कधी द्यायची आणि दोरी कधी गुंडाळायची हे हातांना आपोआप कळे. वर्षात तेवढे दोन दिवस त्यांना स्वतःबद्दल शंका येत नसे.

त्याच चौऱ्याण्णवच्या जून महिन्यात एका दुपारी उदयसिंहराव स्कूटरवरून आले ते हेल्मेटसुद्धा न काढता सोफ्यावर बसले. मकरपुऱ्यात बोल्ट बनवणाऱ्या एका शेठचा मोकळा प्लॉट त्यांच्या घराच्या उत्तरेला होता. तिथे तो पवनचक्की उभारणार होता. गावात नोटीस लागली होती, हरकती असल्यास पंधरा जुलैपर्यंत कळवाव्यात.

"छाणीला वारा कुठे आहे पण?" निरुपमाबाईंनी विचारलं. "तुमच्याकडे साडी वाळायला संध्याकाळ होते."

त्याचं उत्तर त्यांना पुढे पुतण्याकडून, उन्मेषकडून मिळालं. उन्मेष कर सल्लागार होता, आणि शेठला पवनचक्कीची कल्पना त्यानेच दिली होती. तो म्हणाला, वाऱ्याचा संबंध नाही काकू. सरकारचं धोरण असं, की पवनचक्की घेतली की तिच्या सगळ्या किमतीचा घसारा पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा. वर राज्याची सबसिडी वेगळी. समुद्रकाठी लावली तर देखरेखीला माणूस ठेवावा लागतो. छाणीचा प्लॉट घरचा आहे, आणि चक्की काय, उभी राहिली म्हणजे झालं.

पण जूनमध्ये हे कोणाला ठाऊक नव्हतं. उदयसिंहरावांच्या गच्चीवर सेव-उसळीच्या साक्षीने सभा भरली आणि ज्याने त्याने आपापली हरकत मांडली. एकाचं म्हणणं, पाती ढग फाडतील आणि पाऊस आणंदला जाऊन पडेल. दुसऱ्याला म्हशींची काळजी होती. तिसऱ्याने विचारलं की पातं निसटलं तर ते कोणाच्या घरावर पडेल, आणि त्यावर प्रत्येकजण शेजाऱ्याच्या घराकडे पाहू लागला. उदयसिंहराव शेवटी उठले. म्हणाले, उत्तरायणाला वारा उत्तरेकडून येतो. म्हणजे आधी तो पंखा खाणार आणि उरलेला आमच्याकडे येणार. "माझ्या अगाशीवर उष्टा वारा चालणार नाही," असं त्यांनी बजावलं आणि अर्ज लिहायचं काम नारायणरावांवर सोपवून सभा संपवली.

इथे नारायणरावांच्या वडिलांची ओळख करून द्यायला हवी. ते संस्थानच्या पाठशाळेत शास्त्री होते. त्यांनी मुलाला एकच शिस्त लावली होती: ज्याचं खंडन करायचं त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि इतकं उत्तम मांडायचं की प्रतिपक्षानेच उठून नमस्कार करावा. हा पूर्वपक्ष. तो झाल्याशिवाय उत्तरपक्षाला हात लावायचा नाही.

त्याप्रमाणे नारायणरावांनी पवनचक्कीचा पूर्वपक्ष लिहायला घेतला. चार ठिकाणची पुस्तकं आणली. कोळसा एक दिवस संपेल, धरणाखाली गावं जातात, वारा मात्र कोणाच्या बापाचा नाही आणि तो संपत नाही. नव्या गोष्टीला सुरुवातीला राजाश्रय लागतो, नाहीतर बडोद्यात रेल्वे आली असती काय? आठ पानं झाली. भाषा अशी उतरली की नारायणरावांना स्वतःच्याच अक्षराचा आदर वाटू लागला. उत्तरपक्ष सुरू करायला त्यांनी नवा कागद पुढे ओढला तेव्हा पंधरा जुलै उजाडली होती. वेळ चुकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ती आठ पानं पाकिटात घातली, खाली लिहिलं, 'उत्तरपक्ष मागाहून पाठवीत आहे', आणि रजिस्टर करून आले.

त्या अर्जाला कचेरीतून आलेलं उत्तर म्हणजे ते झुरळाच्या सहीचं पत्र.

पत्र आल्यावर नारायणरावांनी ठरवलं की आता प्रत्यक्ष पाहूनच लिहावं. चक्की उभी राहत होती, क्रेन आली होती, पांढरा खांब दिवसादिवसाने वाढत होता. एकोणतीस सप्टेंबरला ते बसने छाणीला गेले. उदयसिंहराव खाली पडून होते, पित्त झालं होतं. नारायणराव एकटेच गच्चीवर चढले. दुपारचे साडेतीन. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं, दोरीवरचा टॉवेल फासावर दिल्यासारखा लोंबत होता. प्लॉटवर शेठ, उन्मेष, दोन तंत्रज्ञ आणि एक सरकारी साहेब उभे होते.

आणि पाती फिरू लागली.

आधी इतकी हळू, की नारायणरावांना वाटलं आपलीच मान हलतेय. मग एकामागून एक तिन्ही पाती आभाळातून खाली उतरू लागली आणि पुन्हा वर जाऊ लागली. कसला धूर नाही, कसला घामाचा वास नाही. एवढं मोठं काम इतक्या शांतपणे करणारं नारायणरावांनी आजवर काहीच पाहिलं नव्हतं, माणूसही नाही. ते कठड्याला धरून उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी उन्हावर ढकललं. खालून उदयसिंहराव ओरडले, की पंखा मंद झाला रे, बघ जरा फ्यूज. नारायणरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

घरी येऊन त्यांनी रोजनिशीत लिहिलं: 'खाली वारा नव्हता. वरच्या थरांत वारा निराळा असतो, असे वाचले होते. आज प्रत्यय आला.'

त्यानंतर उत्तरपक्ष लिहिणं शक्यच नव्हतं. 'विरुद्ध' म्हणावं तर डोळ्यांपुढे ती पाती येत. 'बाजूने' म्हणावं तर उदयसिंहराव येत, आणि ते हेल्मेटसुद्धा काढणार नाहीत. पत्र आधी टेबलावर होतं, मग शब्दकोशात गेलं, मग शब्दकोशच कपाटावर गेला.

दिवाळीत शेठने हँडबिल काढलं. गुजराती, गुलाबी कागदावर. त्यात कचेरीच्या फाइलीतून उचललेले, नारायणरावांच्या आठ पानांतले खणखणीत उतारे होते आणि वर मथळा: 'छाणीना विद्वान रहेवासी शुं कहे छे.' रहिवासी कारेलीबागेचा आहे, एवढी एक चूक सोडली तर त्यात एकही शब्द खोटा नव्हता. 

उदयसिंहरावांनी ते हँडबिल आणून नारायणरावांच्या मांडीवर ठेवलं. उभे राहूनच बोलले.

"हे तुझं?"

"हा पूर्वपक्ष आहे," नारायणराव म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं म्हणणं. मी फक्त मांडलं."

"त्यांचं म्हणणं मांडायला त्यांच्याकडे माणसं नव्हती? आमच्या घराण्यात लढाईला जाताना आधी शत्रूच्या तलवारीला धार लावून देत नसत, नारायण. यंदा उत्तरायणाला येऊ नकोस. फिरकीला मी खुंटी बघतो."

पंच्याण्णवच्या उत्तरायणाला नारायणराव घरी बसले. बाहेर गच्च्यागच्च्यांवरून पतंग कापल्याचा, 'काप्यो छे'चा ओरडा चालू होता. निरुपमाबाईंनी उंधियू वाढला, त्यात मीठ होतं की नाही हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. छाणीची बातमी तिसऱ्या दिवशी भाजीवालीकडून आली. चक्की सप्टेंबरनंतर एकदाही फिरली नव्हती. नुसती उभी होती, आणि त्या दिवशी वारा नेमका उलटा, दक्षिणेकडून आल्यामुळे येणारा जाणारा प्रत्येक पतंग तिच्या पात्यांना अडकत होता. उदयसिंहरावांचे अकरा गेले. वीस गच्च्यांना पुरून उरलेला माणूस, जो पंखा जागचा हलतसुद्धा नाही त्याच्याकडून हरला. दुपारी चारला त्यांनी दोरी तोडली आणि खाली जाऊन दार लावून घेतलं. पावसाळा आला तरी पात्यांवर ते पतंग होतेच, रंग जाऊन काळे पडलेले, कावळे वाळत घातल्यासारखे.

सप्टेंबर उजाडला. बारा तारखेला उन्मेष आला, काकूंसाठी भाखरवडी घेऊन. भाखरवडी पाहून निरुपमाबाई म्हणाल्या, "काम काय आहे ते आधी सांग, म्हणजे खावी की नाही ते ठरवू."

काम असं होतं. शेठला यंदाही नफा झाला होता, तेव्हा यंदा दुसरी चक्की हवी होती, पहिलीच्या शेजारीच. तीही तीस सप्टेंबरच्या आत चालू व्हायला हवी, नंतर झाली की घसारा अर्धा. पण पहिलीच्या सबसिडीचा शेवटचा हप्ताच अडला होता आणि त्यापायी दुसरीचा कागद पुढे सरकेना. फाइलवर शेरा होता: 'स्थानिक अर्जदाराच्या एका ओळीची प्रतीक्षा.'

"तुमच्या ओळीची, काका," उन्मेष म्हणाला. "तेरा महिने गांधीनगरची फाइल तुमच्यासाठी थांबलीय. मंत्र्याचा फोन गेला तरी तो साहेब म्हणतो, ओळ येऊ दे. तुम्ही 'बाजूने' लिहा. आठ पानं लिहिलीत, आणखी एक शब्द."

नारायणराव हळूच म्हणाले, "लिहिलंही असतं. फिरताना पाहिलीय मी ती. पण नंतर फिरली का नाही ती?"

"कशी फिरेल? छाणीला वारा आहे का?"

"पण त्या दिवशी फिरली. एकोणतीसला."

उन्मेष हसला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. घरचाच माणूस. "अहो काका, ती लाइनची वीज देऊन फिरवली. तपासायला आलेल्या साहेबाला चालू दाखवायला हवी होती ना, त्याशिवाय दाखला कसा देणार? आतली मोटर उलटी चालवता येते. निम्म्या छाणीचे पंखे मंद झाले होते."

नारायणराव एक भाखरवडी उचलून सावकाश चावू लागले. उन्मेषला वाटलं काका विचार करताहेत, म्हणजे नेहमीचंच. दोन दिवसांनी येतो म्हणून तो गेला.

नारायणरावांनी कपाटावरून शब्दकोश काढला, धूळ झटकली आणि टेबलाशी बसले. चौऱ्याण्णवची रोजनिशी उघडून 'आज प्रत्यय आला' हे वाक्य त्यांनी बराच वेळ वाचलं. टॉवेल लोंबत होता, पान हलत नव्हतं, खालून मित्र ओरडून सांगत होता की पंखा मंद झाला. डोळ्यांनी, कानांनी सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी वरच्या थरांतल्या वाऱ्याच्या पुस्तकावर भरवसा ठेवला होता. आयुष्यात एकदाच कशाने तरी डोळे भरून आले, आणि ते निघालं बोल्टवाल्याच्या घसाऱ्याचं. त्यांना राग आला. राग ही वस्तू त्यांच्या ओळखीची नसल्यामुळे आधी त्यांना वाटलं, भाखरवडी बाधली.

निरुपमाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा कागदावर लिहून झालं होतं. "झालं?" त्यांनी विचारलं. उत्तर लगेच 'झालं' असं आलं, तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवून नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पाकीट खिशात घालून नारायणराव चपला शोधत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात उदयसिंहराव. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. हेल्मेट काढलेलं, हातात पेढ्यांचा पुडा.

"तेरा महिने," ते आत येत म्हणाले. "तेरा महिने तू तोंड शिवून बसलास, आणि मी गाढव तुला फितूर समजलो. कचेरीतल्या शिपायाकडून आज कळलं. तुझ्या एका ओळीवाचून सगळं अडलंय. अख्खी छाणी तुझं नाव काढतेय. वहिनी, ऐकताय ना? असला गनिमी कावा आमच्या पणजोबांनाही सुचला नसता."

आणि त्यांनी एक पेढा नारायणरावांच्या तोंडात कोंबला.

पेढा मोठा होता. तो विरघळेपर्यंत बोलणं शक्य नव्हतं, आणि तेवढ्या वेळात नारायणरावांना स्पष्ट दिसलं की बोलायची गरजही नाही. नुसती मान हलवली की झालं. गच्ची परत मिळेल, फिरकी परत मिळेल, आणि उरलेलं आयुष्य छाणीत चाणक्य म्हणून काढता येईल. स्वयंपाकघराच्या दारातून निरुपमाबाई पाहत होत्या.

नारायणरावांनी पेढा गिळला. "कावा नव्हता तो," ते म्हणाले. "मला ठरवताच येत नव्हतं."

"तेच ते."

"तेच ते नाही. मला आवडली होती ती."

"कोण?"

"चक्की. तुझ्या गच्चीवरून पाहिली मी. तू पित्ताने पडला होतास तेव्हा."

उदयसिंहराव सोफ्यावर बसले. नारायणरावांनी सगळं सांगितलं, डोळ्यांतल्या पाण्यासकट, लाइनच्या विजेसकट. खिशातलं पाकीट काढून दाखवलं. ते पाहून उदयसिंहराव घाईने पुढे झाले.

"हे बघ, आवडली तर आवडली, मी काही विचारलं नाही आणि तू काही सांगितलं नाहीस. पण आता हे टाकू नकोस. तू गप्प आहेस तोवर दुसरी उभी राहत नाही. हे गेलं की सुनावणी होईल. शेठ वकील आणील, आणि उभं करतील तुला. चार माणसांत तुला पाणी मागता येत नाही, नारायण."

"येत नाही."

"मग?"

"माझं अर्धंच म्हणणं तिथे पडलंय. त्याच्या जोरावर ते दुसरी मागताहेत. मी मेल्यावरही ती आठ पानं त्या फाइलीत तशीच राहतील." एवढं एका दमात बोलून नारायणराव स्वतःच दचकले. मग म्हणाले, "तू म्हणतोस तेही बरोबर असेल. उत्तरायणाला बोलावलं नाहीस तरी चालेल."

चालणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. उदयसिंहराव काही वेळ पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसले. मग उठून त्यांनी हेल्मेट डोक्यावर घातलं.

"कारेलीबागेची पेटी पाचला निघते," ते म्हणाले. "चल, स्कूटरवर सोडतो. चालत गेलास तर वाटेत विचार करशील."

पाण्याच्या टाकीजवळच्या लाल पेटीशी स्कूटर थांबली. नारायणरावांनी पाकीट काढलं. पत्ता वाचला, तिकिटं चाचपली, पत्ता पुन्हा वाचला.

"लिहिलंयस काय?" उदयसिंहरावांनी इंजिन चालू ठेवूनच विचारलं.

नारायणरावांना ते पाठ होतं. "'विरुद्ध. पूर्वी पाठवलेल्या आठ पानांतले एकही वाक्य मी मागे घेत नाही, कारण ती पवनचक्कीविषयी आहेत. छाणीला उभे आहे ते यंत्र विजेवर फिरते. एकोणतीस सप्टेंबर, दुपारी साडेतीन, मी साक्षीदार आहे. उशिराबद्दल क्षमस्व.'"

"त्याने एक ओळ मागितली होती."

"हो," नारायणराव म्हणाले. "जास्त झाली का?" आणि पाकीट पेटीच्या तोंडाशी अडलं.

उदयसिंहरावांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. ते समोर टाकीकडे बघत राहिले. पोस्टाचा माणूस किल्ल्या वाजवत सायकलवरून येताना दिसला. नारायणरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पाकिटाकडे, आणि मनगटापर्यंत हात आत घालून ते सोडून दिलं.